मॅटसाठी पैसे मागण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. वर्षभर मातीवर घाम गाळणाऱ्या तुझ्या कबड्डीच्या मुली निवड चाचणीला मॅटवर उतरल्या आणि पहिल्या दहा मिनिटांतच बावरल्या, हे वाचून वाईट वाटलं. मॅटवर बूट घालून खेळायचं, वळायचा वेग वेगळा, पकडीत अंग झोकून द्यायची रीतही वेगळी. तेव्हा मॅट हवीच, यात दुमत नाही. पण ‘सर, कुठून तरी अनुदान मिळवून द्या’ असं पुन्हा कुणाला लिहू नकोस. ‘कुठून तरी’ला कुणीच काही देत नाही.

नेमकं माग. मुलींचं मैदान १२ बाय ८ मीटर, म्हणजे एक मीटर चौरस तुकडे घेतले तर ९६. तीन ठिकाणची कोटेशन घे, त्यात वाहतूक आणि जीएसटी धर. शिवाय पावसाळ्यात मॅट कुठं ठेवणार, तेही अर्जात लिही. पैसे देणारा माणूस हे विचारणारच.

आता कागदांचं बोलतो, कारण आम्ही तिथंच मार खाल्लाय. आमच्या मंडळाला एका कंपनीकडून वर्षभराच्या सरावाचा खर्च मिळणार होता. सगळं ठरलं होतं. त्यांनी धर्मादाय कार्यालयातला पीटीआरचा, म्हणजे संस्थांच्या नोंदवहीचा, उतारा मागितला आणि त्यावर खजिनदार म्हणून आमच्या अशा सहकाऱ्याचं नाव निघालं, जे चार वर्षांपूर्वी वारले होते. आम्ही सभेत ठराव करून नवा खजिनदार नेमला, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे हा बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज, दाखल करायचा राहून गेला. बँकेत सही एकाची, उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं. मार्च संपला आणि ते पैसे दुसऱ्या कामाला गेले. त्या वर्षी दोन चांगल्या मुली खेळ सोडून कामाला लागल्या, हे मी विसरू शकत नाही. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, हे भिंतीवर लिहून ठेव. ऑडिट दरवर्षी कर, जमा पाच हजार असली तरी.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्या समाजाच्या कामासाठी देतात त्या पैशांबद्दल, विचारलंस. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण खेळ, मान्यताप्राप्त राष्ट्रीय खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांसाठीचं प्रशिक्षण येतं. यातला प्रशिक्षण हा शब्द धरून ठेव. ‘आमच्या स्पर्धेच्या बॅनरवर तुमचं नाव टाकतो’ हा अर्ज तिथं बसत नाही, ती जाहिरात झाली. वर्षभराचा सराव, मार्गदर्शकाचं मानधन, मॅट, मुलींचे बूट असं मांड. मात्र संस्थेकडे आयकर खात्याच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदी लागतात, सीएसआरचे पैसे घ्यायला सीएसआर-१ ची नोंद लागते आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. तुमच्या मंडळाला दोनच वर्षं झालीत. म्हणून यंदा स्वतःच्या नावानं कंपन्यांचे उंबरठे झिजवू नकोस. तालुक्यात या नोंदी असलेली जुनी शिक्षणसंस्था असेल तर तिच्यामार्फत प्रस्ताव दे, आणि कोणाची जबाबदारी काय ते लेखी करून घे. तोंडी बोलण्यावर मॅट त्यांच्या हॉलमध्ये जाते आणि तिथंच राहते.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः जा. क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अशा अनुदान योजना तिथून चालतात. अटी आणि रकमा बदलत असतात, तेव्हा चालू शासन निर्णयाची प्रत मागून घे. मैदानाच्या कामाला पहिला प्रश्न जागेच्या कागदाचा येतो. तुमचं मैदान ग्रामपंचायतीचं आहे, तर अर्ज ग्रामपंचायतीलाच करू दे, तू फक्त पाठपुरावा कर. आमदार निधीचंही तसंच, त्याचा चेक मंडळाच्या हातात पडत नाही, काम सरकारी यंत्रणेकडून होतं.

आणि वर्गणीला कमी लेखू नकोस. १९५२ साली गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीला जायला निघाले तेव्हा लोकांकडून पैसे गोळा झाले होते आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक अशा पैशातून आलंय. आमच्या पावतीपुस्तकात ११ रुपयांची एक पावती दरवर्षी असायची, कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या मावशींची. गुढीपाडव्याला आम्ही जमाखर्चाचा कागद देवळाच्या भिंतीला लावायचो. मावशी नातीला घेऊन यायच्या आणि तिच्याकडून सगळा वाचून घ्यायच्या, ‘लिंबू-पाणी ४० रुपये’पर्यंत. एका वर्षी कागद लावायला आठ दिवस उशीर झाला, तर त्या मैदानावर विचारायला आल्या. पुढं त्यांच्याच सांगण्यावरून बाजारातल्या गाळेवाल्यांनी मुलींच्या बुटांचे पैसे दिले. असा हिशेब ठेव. मोठी रक्कम शक्यतो बँकेतूनच घे. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला ८०जीची सवलतही मिळत नाही.

रोजची हजेरी मात्र आजपासून लिही. तारीख, नाव, वय, शाळा, आणि कोण का आली नाही तेही. दोन वर्षांनी कंपनीचा माणूस पुरावा मागेल तेव्हा फोटोंपेक्षा ही वही जास्त कामाला येईल. एखादी महिनाभर दिसली नाही तर तिच्या घरी जायचं तुलाही त्यातूनच कळेल.

येत्या रविवारी पीटीआरचा उतारा, पासबुक आणि मागचं ऑडिट घेऊन ये. आपण बसून अर्ज लिहू. संध्याकाळी मैदानावरही येईन म्हणतो. तुझी ती डाव्या कोपऱ्यातली मुलगी मागच्या वेळी घोटा धरायला फार लवकर झेपावत होती, आता थांबायला शिकली का ते बघायचंय.

तुझे,
सर