नाशिकजवळच्या देवळालीत, लष्करी छावणीच्या गावात, भंगारात मिळालेला जुना चमचा लष्करी मेसचा आहे, हे कसं ओळखायचं?

चमचा पालथा करा आणि दांडा उन्हात तिरका धरा. ब्रिटिश लष्करी मालावर तीन रेघांचा छोटा बाण ठोकलेला असतो, सोबत बरेचदा कारखान्याचं नाव आणि वर्ष. अमेरिकी मालावर ‘यू. एस.’ असतं. माझ्या एका चमच्यावर बाणाशेजारी १९४२ आहे आणि खाली कुणा शिपायाचा नंबर, एकेक आकडा वाकडातिकडा ठोकलेला. त्यावरून बोट फिरवलं की अजूनही गलबलून येतं.

‘ईपीएनएस’ (EPNS, म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) दिसलं तर तो निकेलच्या मिश्रधातूवर नुसता चांदीचा मुलामा. सराफ बाजारातल्या चांदीच्या भावाने घेऊ नका.

आणि कृपा करून चिंच-राखेने घासू नका, मुलामा उडतो. कोमट पाणी, साबण, मऊ फडकं पुरे.