ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

मणेराजुरी, ता. तासगाव

पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. तीस गुंठ्यांच्या द्राक्षबागेत हवामान केंद्र बसवू का, ड्रोनचं शिकून घेऊ का, असं विचारलंयस. त्याआधी मला एक सांग. सरकारी योजनांच्या महाडीबीटी पोर्टलवर ठिबकचा अर्ज भरताना ओटीपी कुणाच्या फोनवर आला?

आबांच्या, तोही बटणांच्या फोनवर. पीक सरकारदरबारी नोंदवायच्या ई-पीक पाहणीचा फोटो रानात उभं राहून तू काढायचा, औषधांची नोंद तू ठेवायची, आणि सातबाऱ्यावर नाव अजून आबांचं. शेतकरी ओळख क्रमांक खातेदाराला मिळतो, राबणाऱ्याला नाही. पीककर्ज, अनुदान, गारपिटीची भरपाई, सगळं त्या नावामागं. ॲप कितीही चांगलं असू दे, तू त्यात नुसती टायपिस्ट.

म्हणून आबा धडधाकट आहेत तोवर वाटपाचा विषय काढ. वडिलोपार्जित जमिनीचं वाटप जमीन महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून होतं. सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. कागद अवघड नाही, जेवायला बसल्यावर तोंड उघडणं अवघड. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच वाटा दिलाय. पण तुझा हक्क सांगितलास की आत्यांचाही निघणार, ते धरूनच बोल. त्यांना डावलून मिळवलेलं नाव मला तरी गोड लागणार नाही. आधी तलाठ्यांना भेट. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण हाक तीच.

हवामान केंद्र एकटीनं घेऊ नको. त्याचा खरा उपयोग पान किती तास ओलं राहिलं हे कळण्यात आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस लागला की डाऊनी हा बुरशीचा रोग याच ओलीवर वाढतो. शेजारच्या चार-पाच बागांची छाटणी मागंपुढं झाली असेल तर एकाच केंद्रात भागतं, खर्च वाटून घ्या. तरी अलर्ट आला म्हणून लगेच फवारणीचा पंप सुरू करायचा नाही. सकाळी बागेत जाऊन पान उलटं करून बघायचं. तुझ्या पप्पांची नजर तिथं यंत्राच्या पुढं आहे, ती शिकून घे. ड्रोनचं म्हणशील तर वरून पडणारं औषध मांडवाखालच्या घडाला आणि पानाच्या पाठीला कितपत लागेल, याची मला शंकाच आहे. उसाला ठीक.

फोनचा सगळ्यात मोठा उपयोग मला उशिरा कळला. एका व्यापाऱ्यानं चार किलोच्या पेटीचा दर तोंडी ठरवला, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे वेळेवर दिले आणि तिसरी भरून नेल्यावर फोन बंद. दाखवायला माझ्याकडं चिठोरंही नव्हतं. तेव्हापासून दर, वजन आणि पैशाची तारीख व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो आणि त्याचं ‘ओके’ आल्याशिवाय बागेत कात्री लावू देत नाही. गाडीच्या नंबरचा आणि काट्याच्या पावतीचा फोटो काढतो. इसार खात्यावरच घेतो. काही जण यावर रुसून जातात. जाऊ देत.

येत्या रविवारी आबांकडं मी येतो, विषय मीच काढतो. तोवर डिजिटल सहीचा सातबारा काढून ठेव, 15 रुपयांत निघतो. आणि आत्यांना आधी फोन कर, माझ्याकडून त्यांना कळायला नको.

तुझा,
काका