टीम ऐकत नाहीये, पद सोडू का?

थर्ड इयरला आहेस, कॉलेजच्या रोबोटिक्स टीमची यंदा हेड झालीस आणि आल्या आल्या टीमची रचना बदललीस. आधी सगळे मिळून सगळं करायचे, आता मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कोडिंग अशा तीन सब-टीम आणि कामांचं वाटप ॲपवर. रात्री ग्रुपवर मेसेज टाकलास आणि सकाळपासून अबोला. एक सिनिअर टीम सोडून गेला, ज्युनिअर माना डोलावतात पण ॲप कोणी उघडत नाही. आणि तू विचारतेस की माझ्यात लीडरशिप नाहीच का, पद सोडू का, की आधी एमबीए किंवा एखादा लीडरशिप कोर्स करू.

पद सोडू नकोस, निदान आत्ता तरी नाही. धड जुनं राहिलेलं नाही, नवं बसलेलं नाही, अशी टीम दुसऱ्याच्या गळ्यात टाकलीस तर सगळ्यात जास्त नुकसान ज्युनिअर पोरांचं होईल, त्यांचं वर्ष जाईल.

मागच्या स्पर्धेत आदल्या रात्रीपर्यंत कोणतं वायरिंग कोणी केलंय हेच कोणाला माहीत नव्हतं असं तू लिहिलंयस, त्यामुळे सब-टीम करायचा निर्णय मला पटतो. पण तो मेसेज परत वाच. काय बदलणार ते त्यात आहे, का बदलायचं ते नाही, आणि कोणाला काही म्हणायचं असेल तर त्याला जागाच नाही.

विल्यम ब्रिजेस हे बदलाच्या काळात माणसांचं काय होतं ह्याचे अमेरिकन अभ्यासक. ते म्हणायचे की बदल झटक्यात होतो पण माणसं त्यातून हळूहळू जातात, आणि त्यांची सुरुवात काहीतरी संपण्यापासून होते. तुझ्या टीममधे काय संपलं ते बघ. तो सिनिअर गिअरच्या नुसत्या आवाजावरून कुठे घासतंय ते सांगायचा, कोड अडकला तरी पोरं त्याच्याचकडे जायची, आणि नव्या चार्टमधे तो मेकॅनिकलचा एक मेंबर आहे, बस. त्याचा मान गेला आणि मान गेलाय हे कोणी बोललं पण नाही. तू ह्याला विरोध म्हणतेस, मला ते दुखावणं वाटतं, आणि दुखावलेल्या माणसाशी वाद घालून काही होत नाही, त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

आता तू म्हणशील, ठीक आहे, कारण समजावून सांगते. नुसतं तेवढं पुरत नाही गं. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच ह्यांनी 1948 मधे हारवूड नावाच्या अमेरिकन कंपनीच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला प्रयोग छापला होता. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला मीटिंग घेऊन कारण सांगितलं, मजुरीचा नवा दर समजावला, प्रश्नांना उत्तरंही दिली, पण ठरलेलं आधीच होतं. त्यांचं काम घसरलं ते सावरलंच नाही आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के लोक सोडून गेले. ज्या गटांमधे सगळ्या कामगारांना बदल ठरवायला बसवलं ते पटकन सावरले, आधीपेक्षा पुढे गेले, आणि त्यांच्यातलं त्या काळात कोणी सोडलं नाही. माणसं तशीच, कारखाना तोच.

म्हणून मेसेज नको, समोरासमोर बस. काय पक्कं आहे ते आधी सांग (सब-टीम राहणार), मग काय मोकळं आहे ते सांग, म्हणजे कोण कुठे, ॲप हवं की भिंतीवरचा बोर्ड, दोन सब-टीममधे अडकलेलं काम कोणाचं, आणि जे तुलाच अजून माहीत नाही ते सरळ माहीत नाही म्हण. पण एक काळजी घे, जे आधीच ठरलंय त्यावर मतं मागू नकोस, पोरांना ते लगेच कळतं आणि मग पुढच्या वेळी खरंखुरं विचारलंस तरी कोणी तोंड उघडत नाही.

ज्युनिअरच्या गप्प बसण्याची मला जास्त चिंता वाटते. एमी एडमंडसन ह्या अमेरिकन संशोधक, त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, तो 1996 मधे आला. त्यात चांगलं नेतृत्व असलेल्या टीममधे चुकांची नोंद जास्त निघाली, त्याचं कारण त्यांनी असं मांडलं की तिथली माणसं चूक झाली तर सांगायला घाबरत नव्हती. तुझ्याकडे सध्या एकही तक्रार येत नाहीये, हे चांगलं लक्षण समजू नकोस. मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) जळला आणि फर्स्ट इयरचा पोरगा स्वतःहून येऊन सांगतोय, त्या क्षणी तू काय बोलतेस ते अख्खी टीम बघत असते.

कोर्सचं म्हणशील तर सध्या पैसे घालू नकोस. एमबीए करायचंच असेल तर दोन-तीन वर्षं नोकरी करून कर, वर्गात जे शिकवतात ते तेव्हा कशाला तरी लागू होतं. आत्ता एक वही कर, त्यात काय ठरवलं, कोणी काय आक्षेप घेतला, तू काय बदललंस, महिन्याभरानं काय झालं हे लिही. इंटरव्ह्यूमधे टीममधल्या मतभेदाचा प्रसंग हमखास विचारतात आणि सर्टिफिकेट दाखवणारे तिथे अडखळतात, तुझ्याकडे सांगायला खरं काहीतरी असेल.

आणि मीटिंगच्या आधी त्या सिनिअरला फोन कर. परत ये म्हणायला नको करूस. तुला काय खटकलं एवढंच विचार आणि मधे न बोलता ऐक. तो येईल किंवा नाही येणार, पण तो जे सांगेल ते मीटिंगमधे तुला लागेल.