पेजिंग चालू केलं की मशीन रीसेट!

प्रश्न : मी ६४ बिटची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय. बूटलोडरचा (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) कोड १ एमबीवर आहे आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, पत्त्यांच्या अगदी वरच्या २ जीबीत मॅप केलाय. पेजिंग (मेमरीचे पत्ते टेबलांतून शोधायची सोय) चालू करायला सीआर० या कंट्रोल रजिस्टरमधला ३१वा बिट लावला की लगेच मशीन रीसेट होतं. पेज टेबलं चारदा तपासली, सगळं बरोबर दिसतंय. चुकतंय कुठे?

उत्तर : टेबलं बरोबर असतील, पण अपुरी आहेत. कर्नलची सोय केलीत आणि स्वतः बसलेल्या फांदीवरच कुऱ्हाड घातलीत! तो बिट लागला की पुढची इन्स्ट्रक्शनही प्रोसेसर पेज टेबलांतूनच शोधतो, आणि ईआयपी (पुढच्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवणारं रजिस्टर) तर अजून १ एमबीच्या आसपासच आहे. तिथे एंट्री नाही, म्हणून पेज फॉल्ट (पत्ता सापडला नाही अशी प्रोसेसरची तक्रार), क्रमांक १४. आयडीटी (कुठला फॉल्ट कुणी हाताळायचा ते सांगणारी टेबल) अजून बांधलेली नाही, म्हणून डबल फॉल्ट, क्रमांक ८. तोही हाताळता येत नाही, की रीसेट.

माझ्या शब्दावर जाऊ नका. क्यूईएमयू हा एमुलेटर 'डी इंट' आणि 'नो रीबूट' हे पर्याय लावून चालवा. लॉगमध्ये पहिला फॉल्ट '०ई' म्हणून दिसेल (हेक्समधले १४). त्या नोंदीतले सीआर२ (ज्या पत्त्यावर फॉल्ट झाला तो) आणि ईआयपी बघा. दोन्ही आकडे एकच असले, तर दुखणं हेच.

उपाय म्हणजे आयडेंटिटी मॅपिंग: खालचा भाग जसाच्या तसा मॅप करायचा. तीन टेबलांत, म्हणजे १२ केबीत भागतं. पीएमएल४ (सगळ्यात वरची टेबल) हिची ० आणि ५११ क्रमांकाची एंट्री एकाच पीडीपीटीकडे (तिच्या खालची टेबल) वळवा. पीडीपीटीची ० आणि ५१० एकाच पेज डिरेक्टरीकडे. डिरेक्टरीत २ एमबीची पानं भरा. पहिली एंट्री हेक्समध्ये ८३, म्हणजे प्रेझेंट, रायटेबल आणि मोठ्या पानाचा बिट; पुढे दर एंट्रीला २ एमबी वाढवत जा. ५१२ भरल्या की १ जीबी झाला. खालून बघा की वरून, मेमरी तीच.

भरण्याआधी टेबलं शून्य केलीत ना? मी केली नव्हती. क्यूईएमयूत मेमरी कोरी मिळते, त्यामुळे तिथे सगळं झकास चाललं; खऱ्या मशीनवर मात्र रिकाम्या समजलेल्या एंट्र्यांत कचरा निघाला. दोन रात्री मी जीडीटीला (मेमरी सेगमेंटांची टेबल) शिव्या घालत होतो, बिचारीचा काही दोष नव्हता.

खालचं मॅपिंग काढायची घाई करू नका. फार जंपने (कोड सेगमेंटही बदलणारी उडी) ६४ बिट कोडमध्ये या, मग वरचा पत्ता रजिस्टरमध्ये घेऊन तिकडे उडी मारा. स्टॅक पॉइंटर वरचा करा, जीडीटी वरच्या पत्त्याने पुन्हा लोड करा. ३२ बिटमध्ये लोड केलेली खालच्याच पत्त्यावर बसलेली असते. त्यानंतर पीएमएल४ची ० एंट्री पुसा आणि सीआर३ (पीएमएल४चा पत्ता ठेवणारं रजिस्टर) पुन्हा लिहा, नाहीतर टीएलबीत (प्रोसेसरने लक्षात ठेवलेल्या मॅपिंगांचा साठा) जुनंच मॅपिंग शिल्लक राहील आणि कुठे तरी राहून गेलेला खालचा पत्ता लगेच पकडला जाणार नाही.