जुन्या अल्बमबद्दल लिहायचंय? मग आधी हे वाच

पहिली गोष्ट, शफल बंद कर. जुने अल्बम एलपीच्या, म्हणजे दोन बाजूंच्या मोठ्या तबकडीच्या हिशोबाने बांधलेले असायचे, एका बाजूला साधारण 20-22 मिनिटं, त्यामुळे पहिली बाजू कशावर संपते आणि दुसरी कशाने उघडते याला अर्थ असतो. क्राफ्टवेर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडच्या 1974 च्या 'ऑटोबान'मध्ये तर एकच ट्रॅक अख्खी बाजू खातो, तो तुकड्यातुकड्यात ऐकून "बोअर आहे" लिहिलंस तर ते मला पटणार नाही.

दुसरं म्हणजे "मस्त", "क्लासिक" असं लिहून सोडू नकोस, कुठे कान टवकारले ते सांग. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 1959 चा 'काइंड ऑफ ब्लू' घे, सुरुवातीला पियानो आणि बास हळूच चाचपडतात, मग बास एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोनच सुरांत उत्तर देतात, एवढं जरी लिहिलंस ना तरी वाचणारा लगेच जाऊन ऐकेल.

आणि हो, कुठली आवृत्ती ऐकलीस ते लिहीच, कारण याच अल्बमची पहिली बाजू कित्येक वर्षं किंचित जास्त वेगाने, म्हणजे थोडी चढ्या सुरात वाजत होती, 1990 च्या दशकात ती दुरुस्त झाली!

जॅझचं माप सोल संगीताला लावू नकोस. सोल गायक मार्विन गे च्या 1971 च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये गाणी एकमेकांत मिसळत जातात, तिथे एकेका वादकाचे लांबलचक सोलो शोधत बसलास तर खरी मजा हुकेल. नाही आवडला तर तसं बिनधास्त लिही, पण निदान तीनदा ऐकून.