टीएलपी टाकूनही लॅपटॉप तापतो, कारण सेटिंग चार्जरवर लागू नाही

परभणीचा मे महिना, उबुंटू २४.०४, इंटेलचा लॅपटॉप, चार्जर लावून काम करताना ९५ अंश, आणि टीएलपी (लिनक्सवर वीज वाचवणारा प्रोग्राम) टाकून काडीचा फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय.

आधी हिशोब बघा. काम तेवढंच असेल तर प्रोसेसर खोलीच्या वर जवळपास तेवढेच अंश चढतो. थंडीत खोली २६ आणि प्रोसेसर ७८ असेल, तर खोली ४२ झाली की तोच ९४ वर. म्हणजे प्रोसेसर खातो ते वॅट कमी करणं हाच उपाय, आणि त्यात मोठा वाटा टर्बो बूस्टचा, म्हणजे जड काम आलं की प्रोसेसरनं नेहमीपेक्षा जास्त वेगानं धावण्याचा.

उबुंटूत पॉवर-प्रोफाइल्स-डीमन हा वीजवापर सांभाळणारा, मागे चालणारा प्रोग्राम आधीपासून असतो. तो आणि टीएलपी एकाच सेटिंगवर हात मारतात, म्हणून टर्मिनलमधल्या सिस्टमसीटीएल कमांडने डीमन थांबवून मास्क करा, म्हणजे तो सुरूच होऊ शकणार नाही असा बंद करा. नुसता थांबवला तर रीस्टार्टनंतर परत उभा राहू शकतो.

मग 'ईटीसी' फोल्डरातली टीएलपीची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, उघडा. 'सीपीयू बूस्ट ऑन एसी' (एसी म्हणजे चार्जर लावलेला असताना) ही ओळ शोधून किंमत ० करा आणि ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा. ते राहिलं तर ओळ वाचलीच जात नाही. बऱ्याच तक्रारींचं मूळ इथंच असतं. दुसरी चूक म्हणजे फक्त 'बॅट'ची ओळ बदलणं. ती बॅटरीपुरती, तुमचा चार्जर तर दिवसभर लावलेला. वेग हवा की वीजबचत हे ठरवणाऱ्या 'एनर्जी परफ पॉलिसी'च्या एसीच्या ओळीत 'बॅलन्स पॉवर' लिहा. फाइल सेव्ह करून 'सुडो टीएलपी स्टार्ट' द्या. टीएलपीची स्थिती दाखवणाऱ्या टीएलपी-स्टॅट कमांडला 'पी' पर्याय दिला की 'नो टर्बो'समोर १ दिसायला हवा.

तिथं गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी पद्धत) 'पॉवरसेव्ह' दिसला म्हणून घाबरू नका. इंटेल पी-स्टेट या इंटेल प्रोसेसरच्या ड्रायव्हरमध्ये तो गरजेप्रमाणे वेग वाढवतोच. टर्बो बंद असताना मोठं कंपाइल किंवा व्हिडिओ रेंडर रेंगाळेल. ब्राउझर, टायपिंगला फारसं जाणवणार नाही.

एवढं करून, चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या 'टॉप' कमांडमध्ये काहीच जड चालू नसताना 'सेन्सर्स' ही तापमानाची कमांड ७० अंशांच्या वर दाखवत असेल, तर सेटिंगशी खेळू नका. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, जाळीत बहुधा धूळ बसलीय. लॅपटॉप बंद करून खालचं झाकण उघडा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि मगच हवा मारा. मोकळा पंखा भरधाव फिरून बेअरिंग जातं. आणि गार वाटतं म्हणून लॅपटॉप खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या तोंडाशी ठेवू नका, त्या हवेत पाणी असतं.