ट्रॅक्टरच्या कॅनमधलं ऑईल पेट्रोल कारमध्ये गेलं, तर इंजिन बसेल का?

तुम्ही लिहिलंय की मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० ग्रेडचं पातळ ऑईल सांगितलेल्या पेट्रोल गाडीत घरातल्या कुणीतरी ट्रॅक्टरच्या कॅनमधलं १५डब्ल्यू-४० हे जाड ऑईल लिटरभर ओतलं, गाडी लातूरला जाऊनही आली, आणि आता भीती वाटतेय. एवढ्यानं इंजिन बसत नाही. पण निवांत होण्याआधी दोन गोष्टी बघा.

पहिली म्हणजे तो कॅन. मी परभणीत गॅरेज चालवतो, कार आणि ट्रॅक्टर एकाच शेडखाली येतात, म्हणून हा गोंधळ ओळखीचा आहे. ट्रॅक्टरवाल्याच्या घरी बहुतेकदा दोन तऱ्हेचे कॅन असतात: एक इंजिन ऑईलचा, दुसरा गिअर, हायड्रॉलिक आणि ऑईल-ब्रेकच्या ऑईलचा. आखाड्यावर धूळ बसली की दोन्ही सारखेच दिसतात. लेबलवर १५डब्ल्यू-४० आणि एपीआय सीआय-४ (एपीआय म्हणजे ऑईलचे दर्जे ठरवणारी अमेरिकी संस्था) असं काही असेल तर ते इंजिन ऑईलच आहे. दुसरा कॅन निघाला तर मात्र गाडी चालूच करू नका, आहे तिथंच चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑईलची टाकी, रिकामं करून घ्या. ते ऑईल इंजिनातल्या उष्णतेसाठी आणि काजळीसाठी बनवलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट पातळी. लहान पेट्रोल इंजिनात सगळं मिळून तीन-साडेतीन लिटर ऑईल बसतं. आधीच पातळी ठीक असताना त्यात लिटरभर टाकलं असेल तर ग्रेडपेक्षा हेच जास्त वाईट. क्रँकशाफ्ट ऑईलमध्ये बुडून ते घुसळतं, फेस होतो आणि फेसाळलेल्या ऑईलचा दाब टिकत नाही. गाडी सपाट जागेवर लावा, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, ऑईल मोजायची कांडी पुसून पुन्हा घालून बघा. वरच्या खुणेच्या बरंच वर असेल तर गाडी न चालवता जादाचं काढून टाका.

आता ग्रेडचं. आपल्याकडे एक ठाम समजूत आहे, दुकानदारही हेच सांगतो: ‘मराठवाड्याचं ऊन आहे, जाड ऑईल बरं.’ मला हे पटत नाही. ग्रेडमधला शेवटचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑईल किती जाड राहतं ते सांगतो, आणि बाहेर ४३ अंश असो की १५, थर्मोस्टॅट इंजिनाचं पाणी ९० अंशांच्या आसपासच ठेवतो. म्हणजे इंजिनाच्या आत उन्हाळा बारमाही. कंपनीनं बेअरिंगच्या फटी, ऑईलचा पंप आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा, सगळं पातळ ऑईल धरून बसवलेलं असतं. ही यंत्रणा ऑईलच्या दाबावरच हलते. ऑईल जाड झालं की ती उशिरा हलते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो. अ‍ॅव्हरेजही थोडं पडतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टचा. डिसेंबरात परभणीचा पारा पाच-सहा अंशांवर आला तरी १५डब्ल्यू ऑईल वाहतंच, फक्त सकाळी वरपर्यंत पोचायला जरा वेळ घेतं. मात्र काही मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता दिलेला असतो. तुमच्या गाडीच्या तक्त्यात जाड ग्रेड असेल तर प्रश्नच मिटला.

आकड्यांइतकीच अक्षरंही बघावीत. एपीआयच्या खुणेत एसनं सुरू होणारे दर्जे पेट्रोल इंजिनाचे (एसएन, एसपी), सीनं सुरू होणारे डिझेलचे. डिझेलच्या ऑईलमध्ये जस्त-फॉस्फरसची रसायनं बहुधा जास्त असतात. इंजिन ऑईल खात असेल तर ती जळून सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतात. एका खेपेनं काही बिघडत नाही, वर्षानुवर्षं तेच वापरलं तर बिघडतं. गाडी टर्बो पेट्रोल असेल तर मी सर्व्हिसिंगपर्यंतही थांबणार नाही, लगेच बदलेन. आणि २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल कारमध्ये ट्रॅक्टरचं जुन्या दर्जाचं ऑईल अजिबात नको. तिथं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यात अडकलेली काजळी जळते पण ऑईलची राख जळत नाही, ती साठत जाते.

तुम्ही एवढंच करा: या आठवड्यात ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला. फ्लशिंगचे वेगळे पैसे देऊ नका. एपीआयच्या दर्जाची इंजिन ऑईलं एकमेकांत मिसळता यावीत अशीच बनवलेली असतात, थोडंफार खाली उरलं तरी चालतं. तोपर्यंत गावातल्या गावात फिरा, आरपीएम चढवू नका. ऑईलच्या दाबाचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन लगेच बंद करा, ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणू नका. गाडी वॉरंटीत असेल तर नव्या ऑईलचं ग्रेड लिहिलेलं बिल जपून ठेवा. काढलेलं काळं ऑईल नालीत सोडू नका, गॅरेजवालाच ठेवून घेईल.